कोऱ्या रोजनाम्यावरची सही

फौजदारी कोर्टांत बेंच क्लार्क म्हणून मी एकतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची सहा एका विशेष कोर्टात. कुणी विचारलं, "काय करता?" की मी "सरकारी नोकरी" एवढंच सांगायचो. कोर्ट म्हटलं की लोक लगेच जागेच्या भांडणाचे कागद बाहेर काढतात. आमच्या फणसवाडीत तर भाजी घेतानाही कुणी ना कुणी अडवायचं आणि हातात मेथीची जुडी धरून भाडेकरू कायदा विचारायचं.

'विशेष' या शब्दाला माणसं उगाच दबतात. त्यात विशेष असं काही नसतं. काही कायद्यांखालचे गुन्हे ठरावीक कोर्टानेच चालवायचे असतात, एवढंच. आमच्याकडे वीजचोरीचे खटले यायचे. चोरीच्या जोडीला शिवीगाळ, धक्काबुक्की असं काही असलं तर तेही त्याच फायलीला चिकटून यायचं. पुढे चोरीचा आरोप गळून पडला, की उरलेलं किरकोळ प्रकरण आम्ही कशाला ठेवायचं? ते साध्या मॅजिस्ट्रेट कोर्टाकडे वर्ग व्हायचं. कधी उलटही व्हायचं आणि खालचा खटला वर आमच्याकडे यायचा. लोकांना वाटतं खटला म्हणजे वकिलांची भाषणं. मला विचाराल तर खटला म्हणजे एक बाड, आणि ते बाड कुणाच्या कपाटात आहे हा प्रश्न.

हे बाड दुसरीकडे पाठवणं म्हणजे लेकीची पाठवणी. पानं मोजायची, प्रत्येक पानावर आकडा घालायचा, दाभणाने शिवायचं, काय काय दिलं त्याची यादी करायची, मुद्देमाल सोबत द्यायचा आणि समोरच्या क्लार्ककडून पोच घ्यायची. अपुरी आहे म्हणून माझी फाइल कधी परत आली नाही. याचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नसे. नव्या पोरांनी शिवलेल्या फायली उचलून मी सगळ्यांदेखत विचारायचो, "ही फाइल आहे की वडापावचा कागद?" त्यामुळे ती पोरं मला फारशी चहाला बोलवत नसत.

आता रोजनाम्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आहे. रोजनामा म्हणजे खटल्याची रोजची नोंद. आज कोण हजर होतं, काय झालं, पुढची तारीख कोणती. खाली आरोपीची सही घ्यायची, म्हणजे त्याला तारीख समजली याचा पुरावा. नियमाने आधी लिहायचं आणि मग सही घ्यायची. माझी रीत उलटी होती. अकराला साहेब बसायच्या आधी मी दारातच कोरे रोजनामे घेऊन उभा राहायचो आणि हजर असलेल्या सगळ्या आरोपींच्या सह्या, अंगठे उरकून घ्यायचो. मजकूर संध्याकाळी. कारण एकदा का माणूस दाराबाहेर गेला, की त्याला शोधायला शिपाई कॅन्टीनपासून फाटकापर्यंत पळायचा. ही रीत माझी नव्हे, मला माझ्या आधीच्या क्लार्कने शिकवली आणि त्याला त्याच्या आधीच्याने. तिच्यामुळे आमचा बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांची यादी, वेळेवर उरकायचा आणि साहेबांकडून शाबासकी मिळायची.

ज्या बाईची ही गोष्ट, ती लालबागची. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली, काही वर्षांनी नवराही गेला आणि हिने मसाला कांडपाचं दुकान चालवून मुलगी शिकवली. चाळ पाडून तिथे टॉवर होणार होता, म्हणून राहायला शीव कोळीवाड्याला भाड्याच्या खोलीत. दुकान मात्र लालबागलाच, एका गाळ्यात. वीज कंपनीचे दोघं मीटर तपासायला आले, मीटरचं सील तुटलेलं निघालं, बाचाबाची झाली. मशीन चालू होती, झाकण उघडलं गेलं आणि मिरचीची पूड एकाच्या डोळ्यांत गेली. फिर्यादीत लिहिलं होतं की आरोपीने मिरची पूड फेकली. तिला पहिल्यांदा हे वाचून दाखवलं तेव्हा ती वकिलाला म्हणाली होती, "फेकायला मी वेडी आहे काय? बेडगी मिरचीचा भाव ठाऊक आहे तुम्हाला?"

मुद्देमाल म्हणून तो मीटर आणि पुडीचं सीलबंद पाकीट आमच्या कपाटात होतं. सील कसलं, कपाट उघडलं की शिपाई तीनदा शिंकायचा.

अटक झाली तेव्हा जामीनदार मिळेपर्यंत ती चार दिवस आत होती. त्यानंतर तारखेला कधी चुकली नाही. साडेदहालाच बाकावर येऊन बसायची, पदर डोक्यावरून घेऊन. एकदा मला म्हणाली, "साहेब, दंड करा, दुकानाला टाळं ठोका, पण परत आत नको. तिथं बायका पोरांची नावं घेऊन रडतात. माझ्याच्यानं ऐकवत नाय." मी म्हटलं, "मावशी, तारखेला येत राहा, कोण तुम्हाला आत टाकतंय?" असं मी बऱ्याच जणांना सांगायचो. तिने ते मनावर घेतलं.

फेब्रुवारीतल्या एका तारखेला सकाळी मी नेहमीप्रमाणे तिची सही घेतली. ती सावकाश सही करायची, आडनावासकट पूर्ण. तिचा वकील दुसऱ्या कोर्टात अडकला होता. चोरीच्या आरोपातून सोडावं असा तिचा अर्ज होता, त्यावर निर्णय व्हायचा होता. बारा वाजले तरी नंबर लागेना. ती टेबलाशी येऊन म्हणाली, "साहेब, मिरच्या वाळवणीचे दिवस आलेत, गिऱ्हाईक दारात उभं असतं." मी म्हटलं, "हजेरी लागलीय तुमची, जा." आणि एका चिठ्ठीवर आमच्या कोर्टाची एप्रिलअखेरची तारीख लिहून दिली. आमचा बोर्ड तेव्हा तिथवर भरलेला होता, निर्णय पुढे ढकलला जाणार अशी माझी खात्री होती.

मॅडमनी, म्हणजे आमच्या न्यायाधीशांनी, संध्याकाळी साडेपाचला तो निर्णय सांगितला. चोरीच्या आरोपातून मुक्त. उरलेलं प्रकरण मॅजिस्ट्रेट कोर्टाकडे वर्ग. आरोपीने मार्चमधल्या अमुक तारखेला तिथे हजर राहावं. मी माझ्या मोत्यासारख्या अक्षरात रोजनामा लिहिला. शेवटची ओळ नेहमीचीच: आरोपी हजर, आरोपीस पुढील तारखेची समज दिली. खाली तिची सही होतीच.

मला वाटलं वकील तिला सांगतील. वकिलांना वाटलं, रोजनाम्यावर सही आहे म्हणजे तिला माहीत आहे. फाइल मी आठवड्यात शिवून, मिरचीच्या पुडीसकट, पाठवून दिली. पोच आली ती वहीत चिकटवली. झालं.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी दुपारी साडेचारला तिची मुलगी माझ्या टेबलाशी आली. परळला एका ऑफिसात नोकरी करणारी, गळ्यात अजून ओळखपत्र तसंच. हातात माझी चिठ्ठी. म्हणाली, "सर, आमची तारीख तर या महिन्याच्या शेवटी आहे. मग आईला वॉरंट कसं काय? सकाळी दुकानातून घेऊन गेले. दुसऱ्याच कोर्टात उभं केलं."

मार्चची तारीख चुकली होती. मग समन्स पाडलेल्या चाळीच्या पत्त्यावर गेलं, तिथे खड्डा आणि पत्र्याचं कुंपण. मग वॉरंट. मॅजिस्ट्रेटनी तिला विचारलं, तारीख माहीत असून का आली नाहीस? फाइल उघडून सही दाखवली. ही तुझीच का? ती म्हणाली, होय, माझीच. मग काय बोलणार? जामीन रद्द, नव्याने अर्ज करा. वकील बाहेरगावी. शनिवार दुसरा, रविवार सुट्टी. सोमवारपर्यंत आत.

मुलगी बोलत होती तेवढ्यात मला सगळं कळलं. चिठ्ठीवर माझं अक्षर आणि रोजनाम्यावरही माझंच. दोन कागद, दोन तारखा.

मॅडम चेंबरमध्येच होत्या. सहापर्यंत असायच्या. मधलं दार दहा पावलांवर होतं. मी उठलो असतो, आत जाऊन सांगितलं असतं, तर त्यांनी फोन उचलला असता, पत्र दिलं असतं, काहीतरी हललं असतं. पण ऑक्टोबरात माझी निवृत्ती होती. एकतीस वर्षांत साधा मेमो नव्हता. रोजनाम्यात खोटी नोंद म्हणजे खातेनिहाय चौकशी, आणि चौकशी लागली की पेन्शन लटकलीच. माझ्या ओळखीचा एक क्लार्क चौकशी संपायच्या आधी संपला होता.

मी मुलीला म्हटलं, "सोमवारी या. बघू काय ते."

"सर, सोमवारपर्यंत आई आत राहील."

"कोर्टाचं काम असंच असतं, बाळ."

हे वाक्य मी उच्चारलं. आजही आठवलं की कानशिलं तापतात. तिने चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि गेली. पुढचा तासभर मी टेबलाशी बसून होतो, फायली सरळ करत, ज्या आधीच सरळ होत्या.

शनिवारी सकाळी गच्चीवर गेलो तर बायकोने मिरच्या वाळत घातल्या होत्या. दर एप्रिलला घालते. चादरीभर लालभडक मिरच्या, कडेला धण्याची परात, आणि कबुतरांसाठी काठी. म्हणाली, "उद्या कांडपाला जायचंय, पिशव्या धरायला या." मी म्हटलं, मी येणार नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. तेहतीस वर्षांच्या संसारात या पिशव्यांना मी कुरकुर पुष्कळ केली होती, नाही कधी म्हटलं नव्हतं. मग तिथेच, मिरच्या पालथ्या करता करता, मी तिला सगळं सांगितलं.

कारकुनाची बायको ती. पहिला प्रश्न आला, "कुणी बघितलंय का?" मी म्हटलं, कुणी नाही, सगळेच तसं करतात. "मग लिहून बिहून देऊ नका. तोंडी सांगा, कुणाला तरी सांगून सोडवा." मी म्हटलं, तोंडी सांगून कागद बदलत नाही. तिने काठीने कबुतरं हाकलली. सासरे कारकून, नवरा कारकून; लिहून दिल्याची किंमत तिला माझ्याइतकीच ठाऊक होती. दुपारी जेवताना मध्येच म्हणाली, "चिठ्ठी तिच्या मुलीकडे आहे ना? फाडून टाकली नाही ना तुम्ही?" नाही म्हटल्यावर तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. रविवारी ती कांडपाला गेली नाही. मिरच्या डब्यात भरल्या आणि झाकण लावलं. मी रागावलो. म्हटलं, हे माझ्यावर कशाला काढतेस? ती म्हणाली, "तुमच्यावर नाही हो. मलाच नाही जाववत."

सोमवारी साडेदहाला मी चेंबरचं दार वाजवलं. उभ्यानेच सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून ठेवला. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील, आवाज कधी चढत नसे. त्यांनी विचारलं, "अशा सह्या किती वर्षं घेताय?"

"सुरुवातीपासूनच, मॅडम."

"म्हणजे आधीच्या किती जणांचं असं झालं असेल, सांगता येईल?"

खरं सांगतो, हा विचार मला शनिवार-रविवारात एकदाही शिवला नव्हता. मी एका बाईचं ओझं घेऊन आत गेलो होतो आणि उभ्या उभ्या मला एकतीस वर्षांचे बाक दिसायला लागले, त्यावर बसलेले, अंगठे पुसणारे लोक. कुणी तारीख चुकून आत गेला असेल, तर माझ्यापर्यंत कसं येणार होतं? फाइल तर गेलेली. मी म्हटलं, "नाही सांगता येणार."

"लिहून द्या," त्या म्हणाल्या. "आणि यापुढे माझ्या कोर्टात कोऱ्या कागदावर कुणी सही करणार नाही."

मी लिहून दिलं. इतकं वाईट अक्षर माझं कधी आलं नसेल. त्याचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो: चौकशी झाली, ताशेरा बसला, पेन्शन सात महिने उशिराने सुरू झाली. मेलो नाही. नव्या पोरांपैकी दोघांनी निरोपाच्या दिवशी चहा पाजला.

मॅडमनी मॅजिस्ट्रेट कोर्टासाठी पत्र तयार करवलं, माझं लिहिलेलं सोबत जोडलं. शिपायाबरोबर पाठवा म्हणाल्या. मी म्हटलं, मी नेतो. टॅक्सी केली. त्या कोर्टाच्या क्लार्कने पत्र वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या टेबलावरच्या रोजनाम्यांकडे. मला बसायला खुर्ची दिली.

तीनच्या सुमाराला तिला आणलं. शुक्रवारचंच असावं असं चुरगळलेलं लुगडं. पिंजऱ्यापाशी उभी राहिली तेव्हा हाताने केस सारखे करत होती. मॅजिस्ट्रेटनी पत्र वाचलं, दोन प्रश्न मला विचारले, वॉरंट रद्द केलं, जामीन पुन्हा चालू केला. सगळं मिळून दहा मिनिटं. दहा मिनिटांच्या कामाला तीन दिवस लागले होते.

कागद तयार होईपर्यंत ती बाहेर बाकावर बसली. मुलगी पाण्याची बाटली आणायला गेली. मी शेजारी जाऊन बसलो. टॅक्सीत सबंध रस्ताभर वाक्य जुळवत आलो होतो, त्यातलं एकही आठवेना.

"मावशी, चूक माझी होती," मी म्हटलं. "तुमची सही घेतली तेव्हा कागद कोरा होता. मागनं मी लिहिलं."

"ठावक आसा माका," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात.

"शुक्रवारी माहीत होतं?"

"सही करतानाच दिसलं की. आमचे हे युनियनमध्ये होते. कायम सांगायचे, कोऱ्या कागदावर सही करू नको गे. पण कोर्टाचाच कागद, म्हटलं कोर्ट कशाला फसवील."

"मग साहेबांनी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत? सही माझी पण कागद कोरा होता, एवढंच म्हणायचं होतं."

तिने पदराने मान पुसली. "बोलणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हटलं, तुम्ही तर ऑक्टोबरात सुटणार. तुम्हीच सांगत असायचात ना त्या शिपायाला, आता इतके महिने राहिले, इतके राहिले म्हणून. माझ्या एका शब्दानं तुमची पेन्शन अडकली असती. गिरणी बंद झाली तेव्हा यांचे पैसे अडकले होते, साहेब. घरात काय होता ता मी बघितलंय. म्हटलं, दोन-तीन दिवसांचीच तर गोष्ट. काढीन कसेतरी."

"तुम्हाला आत नको होतं ना पण."

"नकोच होतं," ती म्हणाली. "कोणाला हवं असतं?"

मुलगी बाटली घेऊन आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही आणि ते बरोबरच होतं. आईने दोन घोट घेतले आणि बाटली माझ्यापुढे धरली. मी घेतली. मला लाज वाटत होती, इतकी की मान वर करवेना. शुक्रवारी, साडेचार ते साडेपाच, माझ्या टेबलाशी बसून मी हेच मोजत होतो, एकीकडे माझी पेन्शन आणि दुसरीकडे तिचे तीन दिवस. त्याच दिवशी, पिंजऱ्यात उभं राहून, तीही हेच मोजत होती. तिने माझा विचार केला. मीही माझाच केला.